पोट्ट्यांच्या टीममध्ये पोरगी चालते का?

सहावीची प्रार्थनेची रांग कधी नीट बघितली का? उंचीप्रमाणे उभे राहा म्हटलं की शेवटी कोण जातं? पुष्कळदा मुलीच! रामटेकात गडमंदिराच्या पायऱ्या धावत चढायची शर्यत लावा. या वयात एखादी पोरगी सगळ्या पोट्ट्यांच्या आधी वर पोचली, तर नवल करू नका.

पण मधल्या सुट्टीत क्रिकेटच्या टीम पाडायला लागले, की तिलाच कुणीतरी म्हणतं, ‘‘ए, तू नको. ही पोट्ट्यांची टीम आहे!’’

का बरं?

गंमत अशी, की साधारण अकरा-बारा वर्षांपर्यंत मुलामुलींच्या ताकदीत फारसा फरक नसतो. उलट मुलींची उंची आधी झपाट्यानं वाढते, मुलांची त्यानंतर दोनेक वर्षांनी. मग मुलांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन नावाचं संप्रेरक खूप जास्त तयार व्हायला लागतं. स्नायू भरतात, हाडं दणकट होतात, रक्तातलं हिमोग्लोबिन वाढतं. हिमोग्लोबिन म्हणजे ऑक्सिजन वाहून नेणारा हमाल. हमाल जास्त, तर धावताना स्नायूंना ऑक्सिजनही जास्त. म्हणून मोठ्या वयात धावण्याच्या, कुस्तीच्या स्पर्धा वेगळ्या घेतात, आणि ते रास्तच आहे. पण शाळेत मुलींची टीमच नसेल आणि मुलांच्या टीममध्येही घेत नसतील, तर तिनं खेळायचं कुठे? मला हे अजिबात पटत नाही.

हरियाणातल्या रोहतकच्या शेफाली वर्माला असंच नाकारलं गेलं. मग तिचे केस मुलासारखे कापले आणि ती मुलांमध्ये खेळायला लागली. एकदा भाऊ आजारी पडला, तर त्याच्या जागी मुलांच्या स्पर्धेत उतरली. २ नोव्हेंबर २०२५ ला आपल्या नवी मुंबईत महिला क्रिकेट विश्वचषकाची फायनल झाली, त्यात हिनंच ८७ धावा ठोकल्या, वर दोन विकेटही काढल्या. सामन्याची सर्वोत्तम खेळाडू तीच!

आता सांगा, ज्या खेळात धावायचंच नसतं, फक्त बसून डोकं चालवायचं असतं, तिथे तरी अडवायचं कारण काय? पण तिथेही अडवलं होतं, बरं का.

ही गोष्ट आहे १९७६ ची. मुंबईच्या रोहिणी खाडिलकर तेव्हा अवघ्या १३ वर्षांच्या, म्हणजे आठवीतल्या मुलीएवढ्या. ‘नवाकाळ’ या वृत्तपत्राचे संपादक नीळकंठ खाडिलकर यांची ही मुलगी. वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिघी बहिणी बुद्धिबळात पटाईत. रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला बसल्या आणि गदारोळ झाला. मुलगी इथे कशी? प्रकरण थेट हायकोर्टात गेलं! तेव्हा जागतिक बुद्धिबळ संघटनेचे अध्यक्ष होते हॉलंडचे मॅक्स यूवे, स्वतः माजी जगज्जेते. त्यांनी निर्णय दिला, की बाई आहे म्हणून कुणालाही स्पर्धेतून अडवता येणार नाही. तेरा वर्षांच्या एका मुलीमुळे जगभरच्या मुलींसाठी ही वाट मोकळी झाली. मला तर हे लिहितानाही अंगावर काटा येतो.

आणि आपल्या नागपूरची दिव्या देशमुख माहीत आहे ना? रामटेकहून नागपूर आहेच किती लांब, पन्नासेक किलोमीटर. जुलै २०२५ मध्ये, १९ व्या वर्षी, तिनं जॉर्जिया देशातल्या बाटुमी शहरात महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. अंतिम फेरीत समोर होती कोनेरू हंपी, वयानं दिव्याच्या दुप्पट. या विजयानं दिव्या भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. विश्वनाथन आनंदला मिळाला, तोच हा किताब.

मग हे बुद्धिबळ डोक्यात साठतं तरी कसं? १९७३ मध्ये अमेरिकेत दोन शास्त्रज्ञांनी याचा छडा लावायचं ठरवलं. एकाचं आडनाव सायमन आणि दुसऱ्याचं चक्क चेस! त्यांचा प्रयोग तुम्हालाही करता येईल.

पटावर खऱ्या डावातली मांडणी करा. वर्गात ज्याला किंवा जिला बुद्धिबळ फार छान येतं, तिला पाच सेकंद दाखवा आणि पट झाका. आता रिकाम्या पटावर तिला आठवेल तसे घोडे, उंट, हत्ती, प्यादी मांडू द्या. मग जो नवशिका आहे त्याच्यावरही हाच प्रयोग करा. पटाईत खेळाडू कितीतरी जास्त सोंगट्या बरोबर ठेवेल.

आता सोंगट्या वाट्टेल तशा, डावाशी काही संबंध नसलेल्या, विस्कटून मांडा. पुन्हा पाच सेकंद. या वेळी पटाईत आणि नवशिका जवळपास सारखेच! म्हणजे चांगल्या खेळाडूची स्मरणशक्ती जन्मतःच जादूची नसते. हजारो डाव खेळून त्याच्या नाही तर तिच्या डोक्यात सोंगट्यांच्या जोड्या, झुबके ओळखीचे झालेले असतात. आपण ‘रामटेक’ हा शब्द एका नजरेत वाचतो, अक्षर अक्षर जुळवत बसत नाही, तसंच.

मधल्या सुट्टीत करून बघा. कुणाच्या किती सोंगट्या बरोबर आल्या, ते आम्हाला पत्रानं नक्की कळवा.