दोनदा फुगणारी महाम्री

पुरी फुगते ती आतल्या पाण्याच्या वाफेने. केनियाच्या किनाऱ्यावर, मोंबासा-लामूकडे न्याहारीला तळतात ती महाम्री मात्र दोनदा फुगते, दोन्ही वेळा वेगळ्या वायूने! आणि तिचं सगळं सामान पुण्याच्या मंडईत आणि भोवतालच्या दुकानांत मिळतं.

दोन वाट्या मैदा, पाव वाटीहून थोडी जास्त साखर, छोटा चमचा कोरडं यीस्ट, भरपूर वेलदोडापूड आणि भिजवायला पाण्याऐवजी नारळाचं घट्ट, कोमट दूध. त्यातली स्निग्धता मैद्याचा चिवटपणा कमी करते. साखर हे यीस्टचं खाद्य, पण जास्त झाली की तीच यीस्टमधलं पाणी ओढून घेऊन त्याला सुस्त करते. त्यामुळे हा उंडा सावकाश फुगतो. मे महिन्यात तासाभरात दुप्पट होईल. डिसेंबरात संध्याकाळी भिजवावा आणि सकाळपर्यंत विसरावा. या फुगण्याचं श्रेय कार्बन डायऑक्साइडचं.

मग उंड्याचे गोळे करून, प्रत्येक गोळा जाडसर लाटून त्याचे चार त्रिकोण कापायचे, थोडा वेळ झाकून ठेवायचे आणि कढईत सोडायचे. आता वाफेची पाळी. थेंबभर पाण्याची वाफ झाली की ती जवळजवळ सोळाशे पट जागा मागते. झाऱ्याने वरून गरम तेल उडवत राहिलं की वरचा पापुद्रा पटकन धरतो, वाफ आत कोंडते आणि त्रिकोण टम्म होऊन पोकळ उशी बनतो. तेल फार तापवू नका. नाहीतर साखरेमुळे महाम्री बाहेरून काळी होते आणि आतून कच्ची राहते.

तिच्या सोबतीला तिकडे काय असतं? नारळाच्या दुधात शिजवलेली अख्खी तूर, ‘म्बाझी’! तूर मूळची भारतातली, समुद्रापार आफ्रिकेत जाऊन रुजलेली. आता उलटा प्रवासही चालतो: मोझांबिक, टांझानिया, मलावीची तूर भारतात येते, म्हणजे सदाशिव पेठेतल्या एखाद्या वरणातही ती असू शकते. आपण मात्र तिची डाळ करून घोटतो. हिवाळ्यात तुरीच्या ओल्या शेंगा आल्या की दाणे सोलून कांदा, हिरवी मिरची आणि नारळाच्या दुधात शिजवा, आणि गोडसर महाम्री त्यात बुडवून खा.