क्रीमच्या डबीवरचा पत्ता

१९७२ मध्ये फ्रान्समधील रुग्णालयांत एकामागून एक तान्ही मुले दाखल होऊ लागली. लंगोटाखालची त्वचा भाजल्यासारखी लाल, सोलवटलेली. मग गुंगी, झटके आणि काहींचा मृत्यू. शोध घेता घेता धागा पोहोचला बाळांच्या एका टाल्कम पावडरीपर्यंत. कारखान्यातील चुकीमुळे तिच्यात हेक्झाक्लोरोफीन हे जंतुनाशक सहा टक्क्यांहून अधिक प्रमाणात मिसळले गेले होते. तान्ह्या बाळाची नाजूक, त्यात पुरळ उठलेली त्वचा आणि वरून घट्ट लंगोट. औषध त्वचेतून रक्तात आणि रक्तातून मेंदूत गेले. दोनशेहून अधिक मुलांना बाधा झाली, ३६ दगावली.

पावडर, क्रीम, लिपस्टिक म्हणजे ‘वरवर लावायच्या’ वस्तू, त्यांनी काय होणार, हा समज त्या घटनेने मोडला. फ्रान्सने १९७५ मध्ये सौंदर्यप्रसाधनांसाठी कायदा केला. १९७६ मध्ये युरोपीय देशांची सामायिक नियमावली आली. तिची आजची आवृत्ती म्हणजे २०१३ पासून पूर्णपणे लागू असलेला युरोपीय संघाचा कायदा. महाराष्ट्रातील एखाद्या उद्योजकाला आपले केसांचे तेल किंवा उटण्याचा साबण जर्मनीत विकायचा असेल, तर त्याची गाठ याच कायद्याशी पडते.

अनेकांची कल्पना अशी, की नमुना सरकारकडे पाठवायचा, सरकारी प्रयोगशाळा तो तपासणार आणि ‘मंजूर’ असा शिक्का मारणार. युरोपात असा शिक्काच नाही. तिथला कायदा वेगळा प्रश्न विचारतो : या वस्तूने कुणाला अपाय झाला, तर जबाब कोण देणार? म्हणून पहिली अट अशी, की युरोपीय संघात राहणारी किंवा नोंदणी असलेली एक ‘जबाबदार व्यक्ती’ हवी. ती स्वतः उत्पादक असेल, आयातदार असेल किंवा लेखी नेमलेला प्रतिनिधी. तिचे नाव आणि पत्ता वेष्टनावर छापावाच लागतो. उत्पादनाची संपूर्ण फाइल त्या पत्त्यावर ठेवायची, आणि शेवटची खेप बाजारात आल्यानंतरही दहा वर्षे जपायची.

या फाइलचा गाभा म्हणजे सुरक्षितता अहवाल. त्यावर सही करणारा औषधनिर्माणशास्त्र, विषशास्त्र, वैद्यक किंवा तत्सम विषयाचा पदवीधर असावा लागतो. त्याचे काम मुख्यतः हिशेबाचे असते. आधी, माणूस ती वस्तू दिवसाला किती वापरतो? युरोपीय शास्त्रज्ञांच्या समितीने यासाठी आकडे ठरवले आहेत : चेहऱ्याचे क्रीम दिवसाला सुमारे दीड ग्रॅम, अंगाला लावायचे लोशन जवळपास आठ ग्रॅम, लिपस्टिक ०.०५७ ग्रॅम. त्यातील प्रत्येक घटक किती, आणि त्यातला किती त्वचेतून आत जाईल, हे काढायचे. मग चाचण्यांमध्ये ज्या मात्रेपर्यंत अपाय दिसला नाही, ती मात्रा या आकड्याच्या किमान शंभरपट आहे का, हे पाहायचे. शंभरच का? प्राणी आणि माणूस यांतल्या फरकासाठी दहापट, माणसामाणसांतल्या फरकासाठी आणखी दहापट. तीन वर्षांखालील मुलांसाठीच्या वस्तूंचे मूल्यमापन वेगळे करावे लागते. १९७२ चा धडा इथे आठवतो.

दुसरी परीक्षा जंतूंची. पाणी असलेल्या क्रीममध्ये जंतू आनंदाने वाढतात, आणि आपण तर रोज डबीत बोट घालतो. म्हणून प्रयोगशाळेत क्रीममध्ये मुद्दाम जिवाणू आणि बुरशी सोडतात आणि २८ दिवस त्यांची संख्या मोजतात. ती पुरेशी घटली, तरच त्यातले टिकाऊपणाचे रसायन कामाचे. ‘आमचे उत्पादन शंभर टक्के नैसर्गिक, एकही रसायन नाही’ असे अभिमानाने सांगणारे बरेच जण इथेच अडतात. वनस्पतींचा अर्क घातलेले, पण जंतूंना न रोखणारे डोळ्यांचे क्रीम डोळ्याला जंतुसंसर्ग देऊ शकते.

याशिवाय तेराशेहून अधिक पदार्थ वापरण्यास पूर्ण बंदी आहे. रंग, टिकाऊपणाची रसायने आणि ऊन अडवणारे घटक तर फक्त मंजूर यादीतलेच चालतात. हे सारे झाले, की युरोपीय आयोगाच्या पोर्टलवर उत्पादनाची नोंद करायची. ती माहिती विषबाधा उपचार केंद्रांनाही दिसते. एखाद्या मुलाने शाम्पू प्यायला, तर डॉक्टरांना त्यातले घटक लगेच कळावेत, हा त्यामागचा हेतू. ही नोंद म्हणजे परवानगी नव्हे. माल विकायला लागल्यावर सरकार फाइल मागू शकते, नमुने उचलू शकते आणि माल परत घ्यायला लावू शकते.

प्रत्येक देशाची रीत मात्र निराळी. अमेरिकेत सौंदर्यप्रसाधनांना विक्रीपूर्व मंजुरी लागत नाही. मंजुरी लागते ती त्यांतल्या रंगांना. २०२२ च्या कायद्याने कारखान्याची नोंदणी, उत्पादनांची यादी आणि गंभीर दुष्परिणाम कामकाजाच्या १५ दिवसांत कळवणे बंधनकारक केले. परदेशी कारखान्याला अमेरिकेत प्रतिनिधीही नेमावा लागतो. चीनमध्ये केस रंगवणे, कुरळे करणे, केसगळती रोखणे, त्वचा उजळवणे आणि ऊन अडवणे यांसाठीच्या वस्तूंना आधी रीतसर मंजुरी घ्यावी लागते. साध्या क्रीमला नोंद पुरते. एकाच सनस्क्रीनला भारतात आणि युरोपात सौंदर्यप्रसाधन मानतात, अमेरिकेत मात्र औषध. त्यामुळे एका देशात चालणारे वेष्टन दुसऱ्या देशात चालेलच असे नाही. ‘इसब बरे करते’ एवढे दोन-तीन शब्द छापले, तरी क्रीम औषधाच्या कायद्याखाली जाऊ शकते.

आपल्या घरातली एक डबी या फरकाचे चांगले उदाहरण आहे. लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालेली आजी नातवंडाला दृष्ट लागू नये म्हणून काजळाची डबी आठवणीने बॅगेत घालते. अमेरिकेत पारंपरिक काजळ आणि सुरमा रंगांच्या मंजूर यादीत नाहीत, त्यामुळे असा विक्रीचा माल सीमेवर अडवला जातो. यामागे आपल्या परंपरेचा दुस्वास नाही. सुरम्यात आणि काही काजळांत शिशाचे संयुग असते. बाळ डोळे चोळते, तोच हात तोंडात घालते, आणि शिसे पोटात जाते. वाढत्या मेंदूवर त्याचा परिणाम कायमचा राहू शकतो. प्रत्येक काजळात शिसे असतेच असे नाही, पण काळ्या रंगाकडे पाहून ते ओळखता येत नाही. भारतातही रंगासाठी शिशाची किंवा आर्सेनिकची संयुगे वापरण्यास मनाई आहे.

भारतात बाहेरून येणाऱ्या सौंदर्यप्रसाधनांना केंद्रीय औषध मानक नियंत्रण संस्थेकडे नोंदणी करावी लागते. २०२० च्या नियमांनुसार नोंदणी क्रमांक आणि आयातदाराचे नाव-पत्ता वेष्टनावर हवा. तरीही परदेशातून आलेल्या, ‘आठवड्यात गोरेपणा’ देणाऱ्या क्रीमच्या डब्या बाजारात आणि ऑनलाइन मिळतात. अशा काही क्रीममध्ये पारा असतो. तो त्वचेचा रंग खरोखर उतरवतो, म्हणूनच फसायला होते. पण त्वचेतून शिरून मूत्रपिंडे बिघडवतो. अशी क्रीम वापरणाऱ्यांच्या लघवीतून प्रथिने जाऊ लागल्याचे केरळमधील डॉक्टरांनी अलीकडे नोंदवले आहे. क्रीम लावणाऱ्या व्यक्तीच्या पायांना सूज आली किंवा लघवीला फेस येऊ लागला, तर क्रीम थांबवून ती डबी घेऊनच डॉक्टरकडे जावे. आईच्या चेहऱ्यावरचा पारा कडेवरच्या बाळापर्यंतही पोहोचतो.

मग ग्राहकाने पाहायचे काय? ‘अमेरिकेच्या एफडीएची मान्यता’ असे क्रीमवर लिहिलेले दिसले, तर विश्वास वाढण्याऐवजी शंका यावी, कारण तशी मान्यता क्रीमला दिलीच जात नाही. कारखान्याचा नोंदणी क्रमांक म्हणजेही मान्यता नव्हे. त्यापेक्षा घटकांची यादी, खेपेचा क्रमांक, मुदत, आयात केलेली वस्तू असल्यास नोंदणी क्रमांक आणि आयातदाराचा पूर्ण पत्ता शोधावा. पुरळ, सूज, आग असा त्रास झाल्यास डबी फेकून देऊ नये. खेपेचा क्रमांक डॉक्टरांना आणि अन्न व औषध प्रशासनाला कळवावा.

वेष्टनावरच्या बारीक अक्षरांतला तो पत्ता कुणी वाचत नाही. पण काही बिघडले, तर दार ठोठावायला तोच एक पत्ता असतो. ज्या डबीवर तो नाही, ती चेहऱ्याला लावू नये. बाळाला तर नाहीच नाही.