आज जरा हलकं द्या, वहिनी

डोंबिवली पूर्वेला एका चाळीच्या तळमजल्यावर मी एकोणतीस वर्षं लायब्ररी चालवली. दोन गाळे, सात लोखंडी रॅक, खाकी कव्हरं घातलेली पुस्तकं आणि दाराशी टेबल. संध्याकाळी सहानंतर गाडीतून उतरलेली माणसं एका हातात भाजीची पिशवी घेऊन आत यायची आणि पुस्तक बदलून न्यायची. निम्म्याहून जास्त मागणी रहस्यकथांची. पण "रहस्यकथा द्या" एवढंच म्हणून कोणी थांबत नसे. "काहीतरी दणदणीत द्या, दोन दिवस सुट्टी आहे." "भुताचं नको, हे गावाला गेलेत, घरात एकटी आहे." "मारामारी चालेल, पण लहान मुलाला काही झालेलं नको." आणि सगळ्यांत जास्त वेळा कानावर आलेलं वाक्य: "आज जरा हलकं द्या, वहिनी. झोप लागली पाहिजे."

या वाक्यापायी मी पुस्तकांवर ठिपके द्यायला सुरुवात केली. मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला, पेन्सिलीने. हलक्या पुस्तकाला एक, सगळ्यांत जहाल पुस्तकाला चार. वाचकांच्याही आपापल्या खुणा असायच्याच. कोणी एकतिसाव्या पानावर बारीक टिक करायचं, कोणी सतराव्या पानाच्या आकड्याला गोल. पुढच्या वेळी पुस्तक उघडलं की आपण हे वाचलंय हे लगेच कळावं म्हणून. माझे ठिपके त्यातलेच. ते द्यायची रीत मात्र सरळ हिशेबाची होती. मी खून मोजायचे. एकही खून नाही तर एक ठिपका, दोन-तीन असले तर दोन, कोयता-सुरा निघाला की तीन.

हा हिशेब एका रात्रीत मोडला. टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक काका आमचे जुने सभासद होते. त्यांची हृदयाची शस्त्रक्रिया झाली आणि महिन्याभराने ते काठी टेकत आले. हलकं द्या म्हणाले. मी रत्नाकर मतकरींच्या गूढकथांचा एक बारीकसा संग्रह त्यांच्या हातात ठेवला. त्यात पिस्तूल नाही, रक्त नाही, पोलीस नाहीत. एक ठिपका. दुसऱ्या दिवशी मी शटर उघडायला गेले तर काका पायरीवर बसलेले. "वहिनी, रात्रभर दिवा चालू ठेवला," ते म्हणाले. मी घाबरून विचारलं, इतकं काय होतं त्यात? ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "काही झालंच नाही हो. पण होणार होतं."

रहस्यकथेबद्दल मी पुढे जे काही वाचलं, ते सगळं या वाक्याचा अर्थ लागावा म्हणून वाचलं. सगळे ठिपके खोडरबराने पुसून टाकले आणि पुन्हा पहिल्यापासून पुस्तकं वाचायला घेतली.

आपल्या भाषेने या प्रकाराला एकच नाव दिलेलं नाही, हे आधी लक्षात आलं. रहस्यकथा, गूढकथा, भयकथा, थरारकथा. घरात बोलतानाही आपण हुरहूर, धाकधूक, धसका, थरकाप हे शब्द एकमेकांच्या जागी वापरत नाही. मुलगी परीक्षेचा निकाल आणायला गेली की धाकधूक असते. तीच रात्री अकरापर्यंत परतली नाही तर छातीत होतं ते वेगळं. चढत्या पायऱ्या भाषेत होत्याच, मला त्या पुस्तकांत शोधायच्या होत्या.

पहिली पायरी कुतूहलाची. खून होऊन गेलाय, प्रेत दिवाणखान्यात पडलंय, कोणी केला एवढं सांगा. बाबूराव अर्नाळकरांनी झुंजार, काळा पहाड आणि धनंजय यांना घेऊन हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि महाराष्ट्राच्या दोन पिढ्यांना वाचनाची गोडी लावली. आमच्याकडची त्यांची पुस्तकं इतकी फिरली की वर्षातून एकदा पुन्हा बांधणीला द्यावी लागत. त्यांत गोळ्या सुटतात, माणसं मरतात, तरी वाचणारा निर्धास्त असतो. कारण झुंजार आहे. नारायण धारपांच्या भयकथांत हेच काम समर्थ करतात. कितीही अघोरी शक्ती उभी राहिली तरी समर्थ येणार याची खात्री असते. याच धारपांनी समर्थांना बाजूला ठेवून लिहिलेल्या कथा घ्या. भीती तीच, लेखणी तीच, पण पाठीवरचा हात काढून घेतलेला. त्या कथांना मी दोन ठिपके जास्त देऊ लागले.

अगाथा ख्रिस्तीबाईंनी हा प्रयोग फार मोठ्या प्रमाणावर करून दाखवलाय. त्यांचा पॉइरो मिशा सावरत खोलीत शिरला की आपल्याला हायसं वाटतं. आता कोडं सुटणार. पण १९३९ साली आलेल्या 'अँड देन देअर वेअर नन'मध्ये त्यांनी दहा माणसं एका बेटावर नेऊन सोडली आणि बरोबर पॉइरोसारखा गुप्तहेर दिला नाही. नाव नाही, पूल नाही, किनाऱ्यावरून मदत नाही. मारणारा त्या दहांतलाच. लेखिका तीच, खून बहुतेक तसेच न दाखवता उरकलेले, तरी वाचताना घसा कोरडा पडतो. खुनी कोण हा प्रश्न मागे सरतो आणि आता कोणाची पाळी हा पुढे येतो. खून मोजून ठिपके देणारी मी किती चुकत होते ते मला या पुस्तकाने नीट दाखवलं.

काकांच्या वाक्याची खरी फोड मात्र आल्फ्रेड हिचकॉकच्या बोलण्यात सापडली. १९६२ साली फ्रान्स्वा त्रुफो या फ्रेंच दिग्दर्शकाने त्याच्याशी दीर्घ बातचीत केली, पुढे तिचं पुस्तक झालं. त्यात हिचकॉक एक साधं उदाहरण देतो. दोन माणसं टेबलाशी गप्पा मारतायत. अचानक टेबलाखाली बॉम्ब फुटतो. प्रेक्षक दचकतो, पंधरा सेकंद. आता तेच दृश्य पुन्हा. या वेळी बॉम्ब ठेवताना आपण पाहिलंय, तो एक वाजता फुटणार हे आपल्याला ठाऊक आहे, आणि भिंतीवरच्या घड्याळात पाऊण झालाय. त्याच गप्पा, तीच माणसं. पण आता पंधरा मिनिटं आपला जीव टांगणीला. उठा, खाली बघा, असं आपण मनात ओरडत राहतो.

म्हणजे दचकवायचं असेल तर वाचकापासून लपवावं लागतं आणि जीव टांगणीला लावायचा असेल तर त्याला सांगावं लागतं. ब्रूअर आणि लिख्टेनस्टाइन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८२ साली हीच गोष्ट शास्त्रीय रीतीने मांडली. घटना घडली पण कशी ते दडवलं, तर कुतूहल. महत्त्वाचं काही दडवलंय याचा पत्ताच लागू न देता ते एकदम समोर आणलं, तर आश्चर्य. आणि संकटाची सुरुवात दाखवून परिणाम लांबवत नेला, तर उत्कंठा. काकांच्या त्या कथेत तिसरा प्रकार होता. घर आपल्यासारखंच, माणसं आपल्यासारखीच, काय येऊ घातलंय ते पहिल्या दोन पानांत वाचकाला कळलेलं आणि घरातल्या कोणालाच नाही.

हिचकॉकचा एक चित्रपट मी या संदर्भात नेहमी सांगते, कारण त्यात तो स्वतः चुकला आणि चूक त्याने कबूल केली. १९३६ सालचा 'सॅबोटाज', जोसेफ कॉनरॅडच्या कादंबरीवरून केलेला. एक शाळकरी मुलगा पार्सल घेऊन लंडनमधून निघालाय. त्यात बॉम्ब आहे हे त्याला माहीत नाही, आपल्याला आहे. पावणेदोनला फुटणार. रस्त्यात दंतमंजन विकणारा त्याला थांबवतो, मिरवणूक आडवी येते, शेवटी तो बसमध्ये चढतो आणि शेजारच्या कुत्र्याच्या पिल्लाशी खेळू लागतो. घड्याळं दिसत राहतात. आणि बॉम्ब खरंच फुटतो, मुलगा मरतो. प्रेक्षक चिडले. हिचकॉक पुढे म्हणाला की ही आपली चूक झाली, इतका ताण दिल्यावर सुटका द्यायला हवी होती. मला यात मोठा धडा दिसतो. ताण किती चढवायचा याला मर्यादा असते, आणि ती बॉम्बच्या ताकदीवर ठरत नाही. ज्याच्या हातात पार्सल आहे त्याच्यावर आपला किती जीव जडलाय, त्यावर ठरते. "लहान मुलाला काही झालेलं नको" म्हणणाऱ्या माझ्या सभासदबाई हेच तर सांगत होत्या.

आता सगळ्यांत नवलाची गोष्ट. शेवट माहीत असला तर उत्कंठा मरते, असं आपण धरून चालतो. शेवट फोडणाऱ्यावर लोक किती संतापतात ते मी पाहिलंय. आमच्याकडे तर एकाने पहिल्याच पानावर खुन्याचं नाव पेनाने लिहून ठेवलं होतं, त्याचं सभासदत्व मी रद्द केलं. मग फ्रेडरिक फोरसिथची 'द डे ऑफ द जॅकल' वाचली. १९७१ सालची कादंबरी. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांना मारायला एक भाडोत्री मारेकरी निघतो. द गॉल यांच्यावर खरा हल्ला १९६२च्या ऑगस्टमध्ये झाला होता, त्यातून ते वाचले आणि १९७० साली आपल्या घरी वारले. हे जगाला माहीत. म्हणजे मारेकऱ्याला यश येणार नाही हे पुस्तक उघडण्याआधीच ठरलेलं. काही प्रकाशकांनी याच कारणाने हस्तलिखित परत केलं. फोरसिथने ते अवघ्या पस्तीस दिवसांत लिहिलं होतं. छापल्यावर लोकांनी ते डोक्यावर घेतलं.

कसं जमलं त्याला? त्याने प्रश्नच बदलला. मारेल का, हे विचारायचं नाहीच. किती जवळ पोचेल? खोटा पासपोर्ट कसा मिळवायचा, बंदूक कशात लपवायची, जंगलात खरबूज टांगून नेम कसा बसवायचा, हे सगळं तो कारागिराच्या शांतपणे सांगत जातो. आवाज कुठे चढत नाही. पलीकडे लेबेल नावाचा साधासा पोलीस अधिकारी एकेक धागा गोळा करतोय. दोघांमधलं अंतर पानागणिक कमी होतं आणि शेवट पाठ असूनही आपला हात पानावर घट्ट होतो. मी ही कादंबरी चार वेळा वाचली. चौथ्या वेळीही मारेकरी शेवटच्या खिडकीपाशी पोचेपर्यंत माझा चहा गार झाला होता. माझ्या मते उत्कंठेचं सगळ्यांत उंच शिखर हेच, आणि तिथे पोचायला लेखकाला रक्ताचा फार उपयोग होत नाही.

रक्ताचाही एक वाचक असतो, त्याला मी कधी नाही म्हटलं नाही. पण ती पायरी वरची असते हे मात्र मला मान्य नाही. इंग्रजीत भयकादंबरीचा पाया घालणाऱ्यांपैकी ॲन रॅडक्लिफने दोन भीती वेगळ्या केल्या होत्या. तिचा तो निबंध १८२६ साली, तिच्या मृत्यूनंतर छापला गेला. येऊ घातलेल्या, धूसर गोष्टीची भीती मन विस्तारते आणि उघड्या डोळ्यांनी पाहिलेलं भयंकर मन गोठवतं, असा तिचा आशय. स्टीफन किंगने १९८१च्या 'डान्स माकाब्र'मध्ये तीन पायऱ्या सांगितल्या आणि किळस सगळ्यांत खाली ठेवली. आधी वाचकाला न दिसणाऱ्याने घाबरवायचं, ते जमलं नाही तर दिसणाऱ्याने, आणि तेही नाही जमलं तर किळस आणायची. हे वाचल्यावर मला आपल्या नाट्यशास्त्राची आठवण झाली. भरताने आठ रस सांगताना भयानक आणि बीभत्स एकत्र घातले नाहीत. एकाचा स्थायीभाव भय, दुसऱ्याचा जुगुप्सा. कोथळा बाहेर काढणाऱ्या कादंबरीला लोक जहाल म्हणतात तेव्हा ते पुष्कळदा बीभत्साला भयानक समजत असतात. किळस पानाबरोबर उलटते. भीती दिवा मालवल्यावर सुरू होते.

शेवटी माझे ठिपके असे ठरत गेले. धोका कोणाला आहे आणि तो आपल्याला किती जवळचा? वाचकाला किती आधीपासून कळलंय? सोडवणारं कोणी आहे का? मध्ये श्वास घ्यायला जागा दिलीय का? यांची उत्तरं देऊनही पुस्तकाचा ठिपका कायमचा ठरायचा नाही. नुकतीच आई झालेल्या मुलीला दोन ठिपक्यांची कादंबरी चार ठिपक्यांची होई, कारण त्यात पाळणा रिकामा सापडायचा. एक परिचारिका रात्रपाळी संपवून सकाळच्या उलट्या गाडीने डोंबिवलीला यायच्या. त्या चार ठिपक्यांची पुस्तकं गाडीत बसून शांतपणे वाचायच्या. पण हॉस्पिटलातली गोष्ट असली तर पहिल्या प्रकरणात परत. म्हणून पुढे पुढे मी ठिपके बघायच्या आधी माणसाकडे बघायचे. आज चेहरा कसा आहे, घरी कोण आहे, उद्या सुट्टी आहे का.

काका त्या रात्रीनंतर दोन आठवडे फिरकले नाहीत. मला फार अपराधी वाटत होतं. तिसऱ्या आठवड्यात आले, काठीशिवाय. मी त्यांच्यासाठी अर्नाळकर काढून ठेवले होते. ते त्यांनी घेतले, आणि मग जरा घुटमळून म्हणाले, "ते मागचं पुस्तक आत आहे का? परत एकदा बघावं म्हणतो. आता काय होणार ते ठाऊक आहे." मी नको म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही.

२०१५ साली लायब्ररी बंद केली तेव्हा बरीचशी पुस्तकं शाळांना दिली. तो संग्रह मी घरी आणला. काकांची खूण एकतिसाव्या पानावर असायची. तिथे तीन टिका आहेत, तिन्ही वेगळ्या शाईच्या.