अपुरा केस पेपर आणि एक विसरलेली कार्टून मालिका

बालरोगतज्ज्ञाच्या टेबलापर्यंत येणाऱ्या तक्रारींमध्ये पोटदुखीचा क्रमांक बराच वरचा आहे. २००५ च्या सुमारास एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा या तक्रारीसाठी माझ्याकडे वारंवार येत असे. बेंबीभोवती दुखे, सकाळी दुखे, रविवारी मात्र दुखत नसे. शौच-लघवीची तपासणी, सोनोग्राफी, जंतांचे औषध असे सर्व सोपस्कार मी यथासांग केले. अहवालांत काहीही दोष नव्हता. अखेर त्याची आई म्हणाली, "डॉक्टर, हा वेळ मिळाला की कार्टूनच बघत बसतो." कारण सापडल्याच्या आनंदात मी केस पेपरवर 'टीव्ही बंद' असे लिहिले आणि त्या मुलाला उपदेशाचे चार शब्द ऐकवले.

वर्षभराने त्याच्या मावशीकडून हकीकत कळली. मधल्या सुट्टीत वर्गातील तीन मुले त्याला रोज मारीत असत. शाळा बदलली आणि पोटदुखी औषधावाचून थांबली. 'रविवारी दुखत नाही' हे मीच स्वहस्ताने केस पेपरवर लिहिले होते. त्याचा अर्थ तेवढा वाचायचा राहिला होता.

ही जुनी चूक आज या स्मरणिकेत उगाळण्याचे निमित्त जरा निराळे आहे. ज्या कार्टूनला मी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले होते, त्याच जातीच्या एका मालिकेने पुढे मला ही चूक नीट समजावून दिली.

तबकड्यांचा संच

माझा पुतण्या अमेरिकेत वाढला. २०१९ च्या हिवाळ्यात तो इंदूरला आला, तेव्हा त्याने माझ्या हाती डीव्हीडींचा एक संच ठेवला. "काका, तुम्ही मुलांचे डॉक्टर ना? मग हे एकदा बघाच. माझ्या लहानपणीची मालिका आहे." मालिकेचे नाव होते 'स्टॅटिक शॉक'. वयाची पन्नाशी आलेल्या माणसाने सुपरहिरोंचे कार्टून पाहावे, ही कल्पना मला रुचली नाही आणि संच कपाटात गेला. २०२० च्या टाळेबंदीत ओपीडी ओस पडली, वरच्या मजल्यावर राहणारा माझा दहा वर्षांचा भाचा कंटाळून गेला, आणि तो संच बाहेर निघाला.

ही मालिका अमेरिकेत २३ सप्टेंबर २००० रोजी सुरू झाली आणि मे २००४ मध्ये संपली. चार पर्वे, एकूण ५२ भाग. तिचे मूळ १९९३ मध्ये स्थापन झालेल्या 'माइलस्टोन' या कॉमिक संस्थेत आहे. ड्वेन मॅकडफी, डेनिस कोवन, मायकेल डेव्हिस आणि डेरेक डिंगल हे तिचे चार कृष्णवर्णीय संस्थापक. अमेरिकन कॉमिकच्या पानांवर आपल्यासारख्या मुलांना मानाचे स्थान मिळावे, हा त्यांचा हेतू होता. सुपरमॅन, बॅटमॅन आणि स्पायडरमॅन यांच्या गर्दीत त्यांचा नायक मागे पडला, यात नवल नाही. अशा मालिकांचे आयुष्य बहुधा खेळण्यांच्या विक्रीवर अवलंबून असते, आणि याच्या वाट्याला खेळणी फारशी आलीच नाहीत. घरी पाहण्यासाठी २००४ मध्ये केवळ सहा भागांची एक डीव्हीडी निघाली. संपूर्ण पर्वे डीव्हीडीवर येण्यास २०१७ साल उजाडावे लागले. म्हणजे लहानपणी ही मालिका पाहिलेली मुले तोवर स्वतः आईबाप होण्याच्या वयात आली होती.

नायक शाळकरी

कथानायक व्हर्जिल हॉकिन्स हा शाळेत जाणारा कृष्णवर्णीय मुलगा. डकोटा नावाच्या काल्पनिक शहरात बंदरावर एका रसायनाचा स्फोट होतो, त्या वायूने अनेक मुलामुलींच्या शरीरात विलक्षण बदल घडतात आणि व्हर्जिलला विद्युत्शक्ती प्राप्त होते. व्हर्जिल हॉकिन्स हे नावही इतिहासातून घेतलेले आहे. १९४९ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाने याच नावाच्या गृहस्थांना केवळ वर्णामुळे प्रवेश नाकारला. ते नऊ वर्षे न्यायालयात लढले. १९५८ मध्ये त्यांनी स्वतःचा अर्ज मागे घेतला, त्या बदल्यात इतर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी ते दार उघडले.

वैद्यकमित्रांना आपलासा वाटेल असा एक तपशील सांगतो. व्हर्जिलची आई रुग्णवाहिकेवर काम करणारी पॅरामेडिक होती. शहरातील दंगलीत इतरांचे प्राण वाचवताना तिचा मृत्यू झाला. मूळ कॉमिकमध्ये आई हयात आहे, मृत्यू मालिकेने आणला. पण एकदा आणल्यावर मालिका तो विसरत नाही. पहिल्याच भागात व्हर्जिलच्या हाती कोणीतरी पिस्तूल देते आणि तो ते फेकून देतो. आई गेलेल्या मुलाचे दुःख, एकट्याने दोन मुलांना वाढवणारे वडील, मोठ्या बहिणीशी रोजची कुरबुर हे सर्व हाणामारीच्या अधूनमधून शांतपणे येत राहते.

पहिल्या पर्वातील एका भागात व्हर्जिल आपल्या गोऱ्या मित्राच्या, रिचीच्या, घरी राहायला जातो आणि मित्राचे वडील वर्णद्वेष्टे असल्याचे त्याला उमगते. दुसऱ्या पर्वात बेघर, मनाने खचलेली एक मुलगी येते. बर्फ निर्माण करण्याची तिची शक्ती शहराला धोका ठरते, तरी तिच्याकडे खलनायिका म्हणून पाहिलेले नाही. शेवटच्या पर्वात रबरासारखे शरीर ताणू शकणारा एक शक्तिमान तरुण आपल्याला नीट वाचता येत नाही ही गोष्ट लपवत असतो. त्याला डिस्लेक्सिया असतो. हे पर्व २००४ चे. आपल्याकडे 'तारे जमीं पर' २००७ मध्ये आला आणि त्यानंतरच 'याला वाचायला जमत नाही, पण हा मठ्ठ नाही' असे आईबाप आमच्यासमोर मोकळेपणाने म्हणू लागले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अध्ययन-अक्षमतेला अधिकृत स्थान दिले, तरी वाचन न जमणारे मूल आजही आमच्याकडे 'अभ्यासात लक्ष नाही' याच तक्रारीने येते.

'जिमी'

२००२ मधील 'जिमी' हा भाग मात्र मला स्वस्थ बसू देईना. कोलंबाइन शाळेत १९९९ मध्ये बारा विद्यार्थी आणि एक शिक्षक गोळीबारात मारले गेले, ती जखम तेव्हा ताजी होती. जिमी हा एक बुजरा मुलगा. शाळेतील दांडगट मुले त्याला छळतात. एके दिवशी तो वडिलांचे पिस्तूल घेऊन शाळेत येतो. गोळी सुटते आणि रिचीला लागते. शहराला अनेकदा वाचवणाऱ्या नायकाची विद्युत्शक्ती येथे उपयोगी पडत नाही. मॅकडफी आणि ॲलन बर्नेट यांच्या या पटकथेला २००३ मध्ये ह्युमॅनिटास पुरस्कार मिळाला. मॅकडफी २०११ मध्ये, पन्नाशीही न गाठता, निवर्तले.

भाग संपल्यावर भाच्याने विचारले, "मामा, त्यानं आधीच कुणाला सांगितलं का नाही?"

मी म्हणालो, "तू असतास तर सांगितलं असतंस?"

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आता वर्ग ऑनलाइन आहेत ते बरंय."

या एका वाक्यावरून माझ्या बहिणीला आणि मला जे कळले, ते आम्हा दोघांनाही वर्षभर कळले नव्हते. घरात डॉक्टर मामा असून! शाळा पुन्हा उघडण्यापूर्वी आम्ही वर्गशिक्षिकेशी बोललो. गोष्ट वेळेवर हाती लागली, म्हणून सावरता आली.

मालिकेने काही भाच्यावर उपचार केले नाहीत. तिने त्याला बोलण्यासाठी एक आडोसा दिला. स्वतःबद्दल बोलायला मूल कचरते, जिमीबद्दल बोलायला कचरत नाही. 'तुला कोणी मारतं का?' असा थेट प्रश्न विचारला की बहुतेक मुले 'नाही' म्हणतात. 'जिमीला काय वाटलं असेल?' असे विचारले की ती आपलेच उत्तर देतात.

वैद्यकमित्रांसाठी

वारंवार पोट दुखणाऱ्या मुलाच्या बाबतीत वजन घटणे, वाढ खुंटणे, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, शौचातून रक्त, सततच्या उलट्या, रेंगाळणारा ताप आणि बेंबीपासून दूर एकाच जागी दुखणे ही धोक्याची लक्षणे आहेत. ती असतील तेथे तपासण्यांत कुचराई नको. ती नसतील आणि सुट्टीच्या दिवशी दुखणे थांबत असेल, तर सोनोग्राफीच्या चिठ्ठीआधी शाळेची चौकशी करावी. ते दुखणे खोटे नसते. भीतीने आतड्यांची हालचाल आणि संवेदना खरोखरच बदलतात. 'नाटक करतो' हा शब्द आपल्या तोंडून कधीही जाऊ नये. शाळकरी मुलाशी पाच मिनिटे तरी आईवडिलांच्या गैरहजेरीत बोलावे. मधल्या सुट्टीत कोणाबरोबर बसतोस, हा माझा आताचा पहिला प्रश्न असतो.

पालकांसाठी

पिस्तूल हा अमेरिकेचा प्रश्न आहे, असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. आपल्या घरांत पिस्तूल नसते, पण आजोबांच्या झोपेच्या गोळ्या उघड्या कप्प्यात असतात, गच्चीवरील कुंड्यांसाठी आणलेले कीटकनाशक जिन्याखाली असते. दुखावलेले मूल दुसऱ्यावर उठेलच असे नाही. ते स्वतःवरही उठते. या वस्तू कुलपात असाव्यात.

आणि पडद्याविषयी. भारतीय बालरोग अकादमीच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दोन वर्षांखालील मुलांना, आप्तांशी क्वचित होणारा व्हिडिओ कॉल वगळता, पडदा दाखवूच नये. दोन ते पाच वर्षांच्या वयात तो दिवसाला एका तासापेक्षा अधिक नसावा. या मर्यादा मी आजही आग्रहाने सांगतो. पण 'किती वेळ' या प्रश्नाला 'काय' आणि 'कोणाबरोबर' हे दोन प्रश्न जोडल्याखेरीज माझा सल्ला पुरा होत नाही.

'स्टॅटिक शॉक' निर्दोष आहे असे नाही. पहिल्या पर्वातील चित्रे काहीशी ओबडधोबड आहेत, विनोद जुने झाले आहेत, आणि वीस-बावीस मिनिटांत प्रत्येक प्रश्न सुटतो तसा तो आयुष्यात सुटत नाही. आठ वर्षांखालील मुलांना 'जिमी' दाखवू नये असे माझे मत आहे. हीच मालिका पाहिली पाहिजे असाही आग्रह नाही. जे पाहाल ते मुलाशेजारी बसून पाहावे, आणि संपल्यावर लगेच उठू नये. महत्त्वाचे वाक्य त्यानंतरच्या शांततेत येते.

२००५ मधला तो मुलगा आता तिशीच्या उंबरठ्यावर असेल. तेव्हा मी त्याला टीव्ही बंद करायला सांगितले. 'कोणतं कार्टून बघतोस, आणि त्यातला कोण आवडतो?' एवढे विचारले असते, तर कदाचित त्या केस पेपरवर खरे निदान उमटले असते. आता हा प्रश्न मी प्रत्येक मुलाला विचारतो, आणि उत्तर पुरे होईपर्यंत पेन खाली ठेवतो.