आज पंधरवडा बंद

सकाळी 7.50
पनवेलहून सुटणाऱ्या लोकलला खिडकी मिळते, एवढं एक सुख. बाहेर जूनचा पाऊस. मी एका नागरी सहकारी बँकेच्या वाशीतल्या मुख्य कार्यालयात रिटर्न भरते. शेजारच्या काकूंना वाटतं इन्कम टॅक्सचे, म्हणून दर जुलैत त्या फॉर्म 16 घेऊन दारात उभ्या राहतात. माझे रिटर्न रिझर्व्ह बँकेला जातात: ठेवी किती, रोकड किती, बुडीच्या वाटेवरची कर्जं किती. बेलापूरला त्यांचं कार्यालय आहे, पण कागदांचा गठ्ठा घेऊन आता तिथे कुणी जात नाही. सगळं पोर्टलवर.

9.15
आज 15 तारीख. पूर्वी बँकांच्या हिशोबाचा पंधरवडा एक आड एक शुक्रवारी संपायचा. 2025च्या बँकिंग दुरुस्ती कायद्याने तो 15 तारखेला आणि महिनाअखेरीला संपतो असं ठरवलं. हिशोबाला सोपं झालं. माझ्या अंगातला शुक्रवार मात्र अजून गेलेला नाही.

आजच गेल्या महिन्यातल्या 10 लाखांवरच्या रोख व्यवहारांचा अहवाल दिल्लीला, आर्थिक गुप्तचर विभागाकडे (एफआययू) जायला हवा. एपीएमसी शाखेची यादी नेहमीसारखी लांब. कांद्याचे, मसाल्याचे व्यापारी. रोकडीशिवाय त्यांचं चालत नाही. यादीत नाव आलं म्हणजे संशय आला असं नव्हे, हे प्रत्येक नव्या शाखाधिकाऱ्याला मला समजवावं लागतं. अकराच्या आत अपलोड झाला.

11.10
आता खरं काम. बँकेची निव्वळ मागणी आणि मुदत देणी, आमच्या भाषेत एनडीटीएल. या रकमेवर सीआरआर (रोख राखीव प्रमाण) आणि एसएलआर (वैधानिक तरलता प्रमाण) ठरतो. सीआरआर 2025च्या सप्टेंबर ते नोव्हेंबरात चार टप्प्यांत 4 वरून 3 टक्क्यांवर आला. गंमत अशी, की आज संपणाऱ्या पंधरवड्यात किती पैसे राखून ठेवायचे ते आजच्या ठेवींवर ठरत नाही. दोन पंधरवडे मागे जायचं, म्हणजे 15 मेच्या देण्यांवर. आजचा आकडा पुढच्या महिन्यात मानगुटीवर बसणार.

एका शाखेची मागणी देणी अचानक घटली. ट्रायल बॅलन्स काढला. मुदत संपलेल्या, पण कुणी न्यायला न आलेल्या ठेवी एका संड्री खात्यात टाकून ठेवलेल्या. आणि ते संड्री खातं आमच्या शीटमध्ये जोडलेलंच नव्हतं. मुदत संपलेली ठेव कुठेही ठेवा, ती मागणी देणंच असते. ठेवीदार उद्या आला तर पैसे द्यायचेच आहेत. न वटलेल्या पे-ऑर्डरचंही तेच. चूक हेतुपुरस्सर नव्हती, आळसाची होती. पण बँकिंग नियमन कायद्याच्या कलम 46 मध्ये जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, असं लिहिलंय. शाखेतल्या पोराला ते वाचून दाखवलं. घाबरला. बरं झालं.

1.30
डबा. भेंडी.

2.40
तळोज्याच्या शाखेतून फोन. "मॅडम, त्या फॅब्रिकेशनवाल्यांचा हप्ता आला हो!" शाखाधिकाऱ्यांचा आनंद मला कळतो. 31 मार्चचा हप्ता थकला तर रिझर्व्ह बँकेच्या मोजणीने 29 जूनच्या डे-एंडला खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक, होतं. तारीख सिस्टिम लावते, विनवण्या चालत नाहीत. चौदा दिवस उरले होते.

मी विचारलं, "पैसे कुठून आले?"

"ट्रान्सफर आहे मॅडम."

ट्रान्सफर आमच्याच शाखेतून होती. पार्टीच्या मेहुण्याच्या फर्मला गेल्या आठवड्यात नवं कर्ज मंजूर झालं होतं. त्यातली रक्कम तीन उड्या मारून इकडे आली होती.

सिस्टिमला यात काही गैर दिसत नाही. पोर्टलवर फाइल चढवताना शेकडो तपासण्या होतात: बेरीज जुळते का, या तक्त्यातली कर्जं त्या तक्त्याइतकीच आहेत का. आकडे आपसात जुळले की फाइल पुढे सरकते. ते कशावर उभे आहेत हे सिस्टिमला कुणी विचारायला शिकवलेलं नाही.

आमच्या धंद्यातलं कुणीही 24 सप्टेंबर 2019ची सकाळ विसरणार नाही. पीएमसी बँकेवर निर्बंध, खात्यातून फक्त 1,000 रुपये काढायची मुभा. नवी मुंबईतल्या शाखांसमोरही माणसं उभी होती. पुढे पोलिस तक्रारीतून बाहेर आलं की एकाच बांधकाम समूहाची 44 थकीत कर्जखाती झाकायला 21,049 बनावट खाती दाखवली होती. ती बँकेच्या मुख्य संगणक प्रणालीत नव्हतीच. रिझर्व्ह बँकेला द्यायच्या यादीत तेवढी होती. म्हणजे माझ्यासारख्याच कुणाच्या तरी टेबलावरून ती यादी गेली असणार. बेरीज जुळलेली असणार. आमच्या पनवेलच्या कर्नाळा नागरी बँकेत 63 बोगस कर्जखात्यांचं प्रकरण निघालं, 2021 मध्ये परवाना गेला. ठेव विम्याचे 5 लाख मिळतात, त्यावरच्या पैशांसाठी म्हातारी माणसं वर्षानुवर्षं खेटे घालतात. त्यातली दोन-तीन सकाळी स्टेशनवर मला भेटतात. मी बँकेत आहे म्हटल्यावर मलाच विचारतात.

4.15
फॅब्रिकेशनवाल्यांच्या हप्त्यावर टिपण लिहून साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, "पार्टी जुनी आहे." मी गप्प. मग म्हणाले, "लेखीच दिलंय ना? ठेवा." आवक नोंदवहीत नंबर घालून घेतला.

8.05
सगळ्या शाखांचा डे-एंड झाल्याशिवाय पंधरवडा बंद होत नाही. एका शाखेत वीज गेली होती, थांबलो. संड्रीतल्या ठेवी आकड्यात आल्या. फॅब्रिकेशनवाल्यांचं खातं पडद्यावर नियमित दिसतंय. माझं टिपण कर्ज समितीपुढे जाईल.

8.40
वाशीहून उभ्यानेच पनवेल.

सभासदांनो, सप्टेंबरात वार्षिक सभेला याल तेव्हा नाश्त्याच्या खोक्याआधी अहवाल उघडा. ढोबळ एनपीए कुठल्या पानावर आहे ते शोधा, आणि उठून विचारा.