रिबिनच्या कडेला चाकं घेऊन

पहाटे साडेपाच. फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, ब्रेतान्यमधल्या फिनिस्तेर जिल्ह्यात, मे महिन्यातही या वेळी काळोखच असतो. शहराबाहेरच्या साध्याशा हॉटेलात सायकलपटू गाढ झोपलेत आणि संघाचे स्वान्यर उठून कामाला लागलेत. स्वान्यर म्हणजे मालीशवाला. पण मालीश हे त्याचं संध्याकाळचं काम. त्याआधी तो आचारी असतो, ड्रायव्हर असतो, हमाल असतो आणि शेवटी धोबीही होतो.

भात काल रात्रीच शिजवून, साखर आणि मऊ चीज घालून ताटात थापून ठेवलाय. आता वड्या पाडायच्या आणि एकेक वडी चंदेरी कागदात गुंडाळायची. गुंडाळी अशी हवी की खडबडीत रस्त्यावर एका हाताने आणि दातांनी उघडता आली पाहिजे. मग बाटल्या: सात सायकलपटूंसाठी अर्ध्या लिटरच्या सत्तर-ऐंशी. हल्ली शर्यतीत ताशी ९० ते १२० ग्रॅम कर्बोदकं पोटात जावी लागतात, त्यामुळे बहुतेक बाटल्यांत पाण्यापेक्षा साखरेचंच राज्य. कोणत्या बाटलीत साधं पाणी आणि कोणत्या बाटलीत मिश्रण, हे झाकणावर पेनाने लिहायचं.

साडेसात. नाश्ता. सायकलपटू भात, ऑम्लेट, कॉफी असं पुढ्यात घेऊन मुकाट्याने जेवतात. तो नाश्ता नाहीच, जेवणच आहे. बाहेर ट्रकपाशी मेकॅनिकांची टायरच्या हवेवरून चर्चा चाललेली. आजचे टायर रुंद, ट्यूबलेस, आणि हवा नेहमीपेक्षा कमी. फार कमी केली तर दगडावर रिम आपटते, जास्त ठेवली तर खडीवर सायकल उडते. प्रत्येक सायकलपटूचं वजन वेगळं, त्यामुळे आकडाही वेगळा.

आजची शर्यत त्रो-ब्रो लेओन. लानिलिस या छोट्या गावातून निघायचं आणि सुमारे दोनशे किलोमीटर फिरून तिथंच परतायचं. अंतर नेहमीचंच, पण वाटेत दोन डझनांहून जास्त तुकडे रिबिनचे, म्हणजे शेतांमधून जाणाऱ्या मातीच्या, खडीच्या, मधोमध गवत उगवलेल्या ट्रॅक्टरवाटांचे. ज्याँ-पोल मेलुएत या गृहस्थांनी १९८४ साली ही शर्यत सुरू केली, ती ब्रेतों भाषेतून शिकवणाऱ्या दिवान शाळेला पैसे मिळावेत म्हणून. भाषेच्या शाळेसाठी सायकल शर्यत भरवावी, हे मराठी शाळांची काळजी वाहणाऱ्या आपल्यापैकी कुणाला सुचल्याचं माझ्या ऐकण्यात नाही, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

साडेनऊ. बस लानिलिसमध्ये. या शर्यतीचा दर्जा आधी समजून घेऊ, नाहीतर दिवसभराची धावपळ कळणार नाही. सर्वांत वर वर्ल्डटूर: टूर दे फ्रान्स वगैरे. त्याखाली २०२० पासून प्रोसिरीज, ज्यात ही शर्यत येते. त्याखाली पहिला वर्ग, त्याखाली दुसरा. जानेवारी २०२६ मध्ये झालेली ‘पुणे ग्रँड टूर’ दुसऱ्या वर्गातली, म्हणजे हिच्याही दोन पायऱ्या खाली. संघांचीही अशीच उतरंड: वर वर्ल्डटीम, खाली प्रोटीम. वरच्यांना मोठ्या शर्यतींत हक्काची जागा, खालच्यांपैकी बहुतेकांचा जीव आमंत्रणात अडकलेला. तीन वर्षांच्या गुणांची बेरीज होते आणि मग कुणी चढतो, कुणी घसरतो.

गंमत गुणांच्या हिशेबात आहे. लानिलिसमध्ये जिंकणाऱ्याला २०० गुण. टूर दे फ्रान्सचा एक टप्पा जिंकणाऱ्याला २१०. ज्या टप्प्यासाठी अख्खा जुलै जग टीव्हीपुढे बसतं, त्याच्यात आणि या ट्रॅक्टरवाटांत फरक दहा गुणांचा. छोट्या शर्यतींचं हे मोल ज्यांच्या लवकर लक्षात आलं ते तरले. बेल्जियमच्या लोट्टो संघाला मात्र उशीर झाला. २०२२ मध्ये विशीतल्या आर्नो द लीने त्यांच्यासाठी अशाच छोट्या शर्यतींतून नऊ विजय मिळवले, तरी वर्षअखेर संघ खाली घसरलाच. त्याच्याबरोबर इस्राएलचा संघही घसरला. आणि ब्रेतान्यचा स्वतःचा आर्केआ संघ वर चढला.

आता इथले विजेते बघा. २०२१ मध्ये कॉनर स्विफ्ट, २०२२ मध्ये ह्यूगो होफस्टेटर, दोघेही आर्केआचे. २०२३ मध्ये इस्राएल संघाचा जाकोमो निझोलो. २०२४ मध्ये लोट्टोचा द ली. चढलेला संघ आणि घसरलेले दोन्ही संघ याच मातीतून गेले. आर्केआ तर वर पोचून तीन वर्षांत, २०२५ अखेर, प्रायोजकाविना बंदच पडला.

अकरा. सायकलपटू मंचावर जाऊन सह्या करून आले, झेंडा हलला, घोळका निघाला. प्रेक्षक टाळ्या वाजवतात, तोवर स्वान्यर गाडीत बसलेला असतो. त्याला शर्यत दिसत नाही. आडवाटांनी शर्यतीच्या पुढे जाऊन ठरलेल्या ठिकाणी थांबायचं, माल द्यायचा, पुन्हा पुढे पळायचं, हाच त्याचा दिवस. नकाशा मांडीवर, रेडिओ कानाला.

पाऊण. पहिला थांबा. बाटलीवर सायकलपटूची पकड नीट बसावी म्हणून ती हात लांब करून वरच्या टोकाला धरायची. कापडी झोळी असेल तर पट्टा मोकळा सोडून. सायकलपटू ताशी चाळीसच्या पुढे येतो. हात मागे नेत नेत, क्षणभर त्याच्या वेगाबरोबर धावत द्यायचं. चुकलं तर बाटली डांबरावर, आणि मागचे दहा जण तिच्यावरून घसरायला तयार. सात जणांपैकी पाच जणांनी घेतली तर दिवस बरा.

दीड ते साडेतीन. हेच खरं काम. रिबिन इतकी अरुंद की पंक्चर झालेल्या सायकलपटूपर्यंत संघाची गाडी वेळेत पोचत नाही. ती ताफ्यात, धुळीत, पंधरा-वीस गाड्यांमागे अडकलेली. म्हणून प्रत्येक तुकड्याच्या तोंडाशी माणसं उभी करतात, दोन्ही हातांत एकेक चाक घेऊन. ज्या संघाचा माणूस जवळ, त्याचा सायकलपटू अर्ध्या मिनिटात पुन्हा रस्त्यावर. ज्याचा माणूस पुढच्या तुकड्यावर, तो तिथपर्यंत बसक्या टायरवर खडखडत जाणार, आणि त्याची शर्यत तिथंच आटोपणार.

पैशाचा फरक दिसतो तो इथं. श्रीमंत संघ जवळपास प्रत्येक रिबिनवर माणूस ठेवतो. प्रोटीमपाशी आज चार जण, कारण उरलेले त्याच आठवड्यात दुसऱ्या देशातल्या दुसऱ्या शर्यतीला गेलेत. मग कुणाचा बाप, कुणाचा मेहुणा, गावातला एखादा हौशी क्लबवाला, असे जमवून पाच-सहा तुकडे भागवायचे. कुठले पाच, हे काल रात्री ठरवलं ते अंदाजानेच. डिस्क ब्रेक आल्यापासून चाक बदलायला थोडा जास्तच वेळ लागतो, त्यामुळे मेकॅनिक शक्यतो पूर्ण सायकलच देतो. कडेला उभ्या मेहुण्याकडे मात्र चाकच असतं.

टीव्हीवरचे जाणकार या शर्यतीत ताकद, डावपेच, नशीब अशी चर्चा करतात. माझं मत सरळ आहे: नशीब म्हणून जे सांगितलं जातं, त्यातलं बरंचसं कडेला उभ्या माणसांची संख्या असते.

धुळीचा लोट दिसतो, हेलिकॉप्टर डोक्यावर येतं, काळ्या-पांढऱ्या ब्रेतों झेंड्यांखालची गर्दी रस्त्यात सरकते आणि स्वान्यर ओरडून तिला मागे लोटतो. घोळका जाऊन अर्धं मिनिट झालं की डिकीचं दार आपटून पुढचा तुकडा.

साडेचार. लानिलिस. शेवटच्या रेषेपलीकडे टॉवेल, थंड पेय आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन उभं राहायचं. चेहरे इतके मातीने माखलेले की नंबर वाचून ओळखायचं. पहिला कोण, हे स्वान्यरला बहुधा शेवटीच कळतं. त्याला पहिला प्रश्न विचारायचा असतो तो ‘कुठं लागलं का?’ मंचावर विजेत्याला चषक आणि पहिल्या आलेल्या ब्रेतों सायकलपटूला डुकराचं जिवंत पिल्लू. पिल्लू हातात घेऊन फोटो काढणं ही इथली प्रतिष्ठा आहे. ते घरी कसं न्यायचं हा ज्याचा त्याचा प्रश्न.

सहा. काही जण ब्रेस्तच्या विमानतळावर. राहिलेल्यांना मालीश, माणशी पाऊण तास. टेबलावर पालथं पडल्यावर माणूस बोलतो; करार संपत आलाय, बायको बाळंत व्हायचीय, पायाला कसलाशा मुंग्या येतात. यातलं काय संचालकाच्या कानावर घालायचं आणि काय नाही, हे ज्याला कळतं तो चांगला स्वान्यर.

नऊ. बाहेर अजून उजेड आहे. ट्रकमधलं धुलाईयंत्र सुरू, मेकॅनिक साबणाच्या फेसात चेनमधली खडी काढतोय. संचालक लॅपटॉपवर गुण मांडतो: दोघे पहिल्या वीसांत. पुढची गाठ डंकर्कच्या शर्यतीत, काही दिवसांतच, फ्रान्सच्या दुसऱ्या टोकाला.

पुण्यात किंवा आणखी कुठं अशी शर्यत पुन्हा झाली, तर एवढं करा: संघाचा शर्ट घातलेला कुणी बाटल्या किंवा चाकं घेऊन रस्त्याच्या कडेला उभा दिसला, तर फोटोसाठी त्याच्या पुढे उभे राहू नका. त्याच्यापासून वीस पावलं तरी लांब थांबा. त्याला धावायला जागा लागते.