लॅपटॉपचा ताप बायॉसमधून उतरतो का?

पुण्यात येरवड्यातल्या कॉमरझोनसारख्या आयटी पार्कात एसीच्या २४ अंशांत निमूट चालणारा लॅपटॉप, घरून काम करायच्या दिवशी लक्ष्मीनगरातल्या पत्र्याखालच्या खोलीत उघडला की पंख्याची घरघर सुरू होते. तापमान दाखवणारा प्रोग्रॅम लावावा तर प्रोसेसरचा आकडा ९५ अंश सेल्सिअस. मग सल्ले येतात: मशीन जळेल, बायॉसमध्ये (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये) जाऊन टर्बो, म्हणजे वेग तात्पुरता वाढवणारी सोय, बंद करा, व्होल्टेज उतरवा. या सगळ्या सल्ल्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे, की उष्णतेपासून प्रोसेसरला आपण वाचवायचं असतं. खरं तर प्रोसेसर स्वतःला वाचवतोच. बायॉसमधल्या सेटिंग्ज वापरायच्या त्या आपलं काम सलग चालावं म्हणून. एवढं नीट समजलं, की कोणत्या सेटिंगला हात लावायचा आणि कोणती तशीच ठेवायची, हे ठरवणं सोपं जातं.

पहिला गैरसमज ९५ या आकड्याचाच. पाणी १०० अंशांना उकळतं, म्हणून तो भयंकर वाटतो. पण सिलिकॉनचं मोजमाप वेगळं आहे. लॅपटॉपच्या बहुतेक प्रोसेसरांची कमाल मर्यादा उत्पादकानेच ९५ ते १०५ अंशांच्या दरम्यान ठरवलेली असते. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरांसाठी ती १०० आहे. तापमान मर्यादेला भिडलं, की प्रोसेसर आपला वेग स्वतःच कमी करतो. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. तरीही पारा चढत राहिला तर तो मशीन बंद करतो. ही राखण चिपमध्येच बसवलेली आहे. यावर कोणी विचारेल, की मग काळजी करायचं कारणच काय? कारण आहे. थ्रॉटलिंगमध्ये वेग वरखाली होत राहतो, व्हिडिओ कॉल अडखळतो, मोठा प्रोग्रॅम कंपाइल व्हायला वेळ लागतो. शिवाय ती उष्णता शेजारच्या बॅटरीपर्यंत पोचते, आणि लिथियम-आयन बॅटरी उष्णतेत लवकर म्हातारी होते. प्रोसेसर जळत नाही, पण काम आणि बॅटरी यांची किंमत मोजावी लागते.

दुसरा गैरसमज असा, की ऑफिसात थंड राहणारं मशीन घरी तापलं म्हणजे त्यात बिघाड आहे. लॅपटॉपचा पंखा गारवा निर्माण करत नाही. आतली उष्णता खोलीतल्या हवेत टाकतो. एखाद्या कामात प्रोसेसर खोलीपेक्षा ६० अंशांनी जास्त तापत असेल, तर २४ अंशांच्या ऑफिसात तो ८४ वर राहील आणि ३८ अंशांच्या खोलीत ९८ वर जाईल. पुण्यात एप्रिलच्या दुपारी ३८ अंश ही काही नवलाची गोष्ट नाही, आणि पत्र्याखाली त्याहून जास्तच. म्हणजे मशीन तेच, काम तेच, बदलली ती फक्त हवा.

मग बायॉसमधून काय साधतं? मुख्यतः एकच गोष्ट: प्रोसेसरने किती वॅट ओढायचे याची मर्यादा. इंटेलच्या कोअर आय-५ १२४०पी या प्रोसेसरची मूळ मर्यादा २८ वॅटची, पण टर्बोत तो थोडा वेळ ६४ वॅटपर्यंत जाऊ शकतो. छोट्या पंख्याला ती उष्णता फार वेळ झेपत नाही. इथे तिसरा गैरसमज आडवा येतो, की वॅट निम्मे केले तर वेगही निम्मा होईल. तसं होत नाही. प्रोसेसरची वीज ढोबळमानाने वारंवारता गुणिले व्होल्टेजचा वर्ग, अशी वाढते, आणि वेगाची शेवटची पायरी गाठायला व्होल्टेज बरंच चढवावं लागतं. त्यामुळे वरचा थोडा वेग सोडला, की उष्णता त्याहून कितीतरी जास्त उतरते. हेच साधायला डेलच्या बायॉसमध्ये ‘थर्मल मॅनेजमेंट’खाली ‘कूल’ हा पर्याय असतो. लेनोवोच्या अनेक थिंकपॅडमध्ये ‘बॅलन्स्ड’ असतो. उन्हाळ्यापुरता असा पर्याय निवडणं पुरेसं आहे. टर्बो सरसकट बंद करणं मात्र महागात पडतं: याच १२४०पीच्या मोठ्या कोअरचा वेग ४.४ गिगाहर्ट्‌झवरून थेट १.७ वर येतो. तापलेल्या मशीनला एवढी मोठी शिक्षा करायची गरज नसते.

चौथा गैरसमज व्होल्टेजचा. व्होल्टेज १० टक्क्यांनी उतरवलं तर त्याच वेगाला वीज सुमारे १९ टक्के कमी लागते, हे गणित खरं आहे, म्हणून हा उपाय मोहात पाडतो. पण डिसेंबर २०१९मध्ये ‘प्लंडरव्होल्ट’ नावाची त्रुटी जाहीर झाली. व्होल्टेज मुद्दाम उतरवून इंटेलच्या प्रोसेसरकडून चुकीची आकडेमोड करून घेता येते आणि त्यातून सुरक्षित कप्प्यातली गुपितं काढता येतात, हे संशोधकांनी दाखवून दिलं. त्यानंतर बायॉस अपडेटमधून अनेक लॅपटॉपांवर व्होल्टेज उतरवायची सोय बंद झाली. पर्याय दिसत नाही म्हणून जुना बायॉस परत टाकणं म्हणजे दाराचं कुलूप काढून वारा घेणं. शिवाय व्होल्टेज कमी पडलं तर मशीन दर वेळी बंदच पडेल असं नाही. कधी ते गुपचूप चुकीचं उत्तरही देईल.

बायॉस अपडेटबद्दल दोन टोकांच्या समजुती आहेत: कधीच करू नये, किंवा आला की लगेच करावा. अपडेटमध्ये पंख्याचा वेग ठरवणारे नियम आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या असू शकतात, म्हणून तो टाळत राहणं बरोबर नाही. पण तो अर्ध्यात तुटला तर मशीन सुरूच न होण्याची भीती असते. तेव्हा बॅटरी भरलेली, चार्जर जोडलेला, आणि दिवस शक्यतो महावितरणच्या गुरुवारच्या देखभालीचा, म्हणजे वीज जाण्याचा, नसलेला. लॅपटॉप कंपनीचा असेल तर बायॉसला हात लावण्याआधी आयटी विभागाला विचारा; बदलानंतर डिस्क कुलूपबंद ठेवणारा बिटलॉकर रिकव्हरी की मागू शकतो, आणि ती बहुधा त्यांच्याकडेच असते.

जाळीतली धूळ, वाळलेली थर्मल पेस्ट आणि गादीवर ठेवलेलं मशीन, यांवर कोणतीच सेटिंग चालत नाही. म्हणून क्रम असा ठेवा: आधी लॅपटॉप टणक, सपाट जागी ठेवा, मग जाळी साफ करून घ्या, मग बायॉसमध्ये थंड पर्याय निवडा, आणि व्होल्टेजच्या वाटेला जाऊ नका. आकडा ९० दिसला तर घाबरू नका. काम अडखळतंय का, ते पाहा.